पोटात एक, ओठांवर एक

सोनोग्राफी केंद्राच्या प्रतीक्षालयात बसलेल्या प्रत्येकाने तो फलक वाचलेला असतो : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तसे करणे कायद्याने गुन्हा आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळी नुकतीच आटोपलेली असताना, आम्ही दोघे आणि आमची अकरा वर्षांची मुलगी पुण्यातल्या अशाच एका केंद्रात त्या फलकाखाली बसलो होतो. समोरच्या बाकावर दिवस भरत आलेली एक सून व तिच्या सासूबाई होत्या. सासूबाईंनी आधी मुलीकडे पाहिले, मग आमच्याकडे, मग पुन्हा मुलीकडे. त्यांनी विचारले काहीच नाही. पण त्या न विचारण्यात जे होते ते आम्हां दोघांनाही एकाच वेळी कळले असावे, कारण आम्ही जवळजवळ एकदमच म्हणालो, 'हिला आतड्याचा त्रास आहे.' सासूबाई ओशाळल्या. आम्हीही ओशाळलो. मुलीने मात्र मान वर केली नाही. ती पुस्तकाचे पान उलटत होती.

'सोनोग्राफी' या शब्दाला आपल्याकडे एवढे एकच काम उरले आहे की काय, असे त्या दिवशी वाटले. शब्द मराठीत आला तो गर्भ पाहण्यासाठी, आणि गर्भ पाहता पाहता तो गर्भातली मुलगी पुसण्याच्या गुन्ह्याशी कायमचा जोडला गेला. लहान मुलाच्या आतड्याची भिंत किती मिलिमीटर जाड आहे हे मोजण्यासाठी तेच यंत्र वापरतात, हे तीन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हांलाही ठाऊक नव्हते.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. त्यामुळे या आजाराचा पहिला आघात ओसरल्यावर आमचे लक्ष गेले ते शब्दांकडे, हे आमचे व्यावसायिक व्यंग म्हणावे लागेल. पोट आणि आतडे यांच्याभोवती मराठीने केवढा संसार मांडला आहे! आतड्याची माणसे वेगळी आणि नात्याची वेगळी. लेकराचे हाल पाहून आतडे तुटते. भीतीने पोटात गोळा येतो, मत्सराने पोट दुखते, अपराध पोटात घालता येतो आणि गुपित पोटात ठेवता येते. मात्र याच पोटात प्रत्यक्ष काही बिघडले, दिवसातून सहा वेळा शौचाला जावे लागू लागले, त्यात रक्त दिसू लागले, की ही सारी श्रीमंती एकाएकी आटते. तिथे उरतात ते आडोशाचे शब्द : परसाकडे, बहिर्दिशा, 'जाऊन येतो', 'बाहेर बसतो'. पाचवीतल्या मुलीने भर वर्गात हात वर करून बाईंना नेमके काय सांगावे, यासाठी या भाषेने तिच्या हाती एकही निःसंकोच शब्द दिलेला नाही. हे आमच्या ध्यानात आले तेव्हा बराच उशीर झाला होता.

दुखणे सुरू झाले २०२२ च्या जूनमध्ये. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, म्हणून आम्ही ते शाळेच्या कंटाळ्याचे दुखणे समजलो. नंतर वजन उतरू लागले, संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. आमच्या गावातल्या एका केंद्रात पोटाची सोनोग्राफी झाली. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे यांना प्रत्येकी एक ओळ मिळाली होती आणि शेवटी एक वाक्य होते : पोटात गॅस बराच असल्याने आतड्यांचा भाग नीट पाहता आला नाही. हे वाक्य आम्ही वाचले आणि सोडून दिले. आज वाटते, त्या कागदावरचे सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच होते. ध्वनी वायूच्या थराशी येऊन परततो. वायूपलीकडचे त्याला दिसत नाही. पण कमी दाब देत, हळूहळू वायू बाजूला सारत, वेगळ्या प्रोबने पुन्हा पाहिले असते तर दिसले असते, हे आम्हांला वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांकडून कळले.

ऑक्टोबरमध्ये पुण्याला दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, झाली. अहवालात 'टर्मिनल इलियम' येथे व्रण असल्याचे लिहिले होते. 'टर्मिनल' हा शब्द वाचून आमच्यापैकी एकाचे हातपाय गळाले. इंग्रजीत तो शब्द केवळ 'शेवटचा' या अर्थाने, लहान आतड्याचा अखेरचा भाग दाखवण्यासाठी आहे, हे कळायला अर्धा तास गेला. पुढे वाचनात आले की ही धास्ती आमच्या एकट्याची नव्हती. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ऑपनहायमर या तिघांनी १९३२ साली या आजाराचे वर्णन केले तेव्हा त्यांनी त्याला आधी आतड्याच्या त्या भागावरून 'टर्मिनल' असेच विशेषण लावले होते. ऐकणाऱ्यांना ते मरणाचे वाटेल असे सभेत कुणीतरी सुचवले, आणि छापताना ते 'रीजनल' झाले. शब्दाची निवड रुग्णाच्या कानाने व्हावी, याचे एवढे चांगले उदाहरण आमच्या भाषाशास्त्राच्या टिपणवह्यांत नाही. आजाराला नाव मात्र तिघांपैकी एकट्या क्रोनचे चिकटले, आणि तेही केवळ निबंधावर नावे वर्णानुक्रमे छापली गेली म्हणून. शोधनिबंधांवरच्या नावांच्या क्रमावरून आपल्या विभागांत होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. असो.

आपल्या देशात या निदानात एक मोठी अडचण असते. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा आजार हे दोघेही लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशीच ठाण मांडतात, दोघांचेही व्रण एकमेकांसारखे दिसू शकतात आणि तपासायला काढलेले तुकडेही पुष्कळदा स्पष्ट उत्तर देत नाहीत. म्हणून आधी क्षयाची औषधे देऊन पाहण्याची रीत आहे. व्रण भरले तर क्षय, न भरले तर दुसरा आजार. यात कुणाची चूक नाही. पण व्रण भरले की नाही हे पाहायचे म्हणजे पुन्हा दुर्बीण. तीन महिन्यांनी, २०२३ च्या जानेवारीत, दुसरी कोलोनोस्कोपी झाली. व्रण तसेच होते.

या तपासणीबद्दल तक्रार करावी असे आमच्या मनात नाही. निदान करताना तिला पर्याय नाही. आतून तुकडा घेण्याचे काम सोनोग्राफी करू शकत नाही. पण आदला दिवस कसा असतो ते सांगितले पाहिजे. सकाळपासून केवळ पाणी आणि गाळलेले सरबत. दुपारपासून ते औषधी पाणी, पेल्यामागून पेला, खारट आणि तुळतुळीत. आमच्यापैकी एक पेला धरायचा आणि दुसरा गोष्ट सांगायचा. चौथ्या पेल्याला मुलगी म्हणाली, 'गोष्ट नको.' रात्रभर न्हाणीघराच्या उंबऱ्याशी आम्ही तिघे बसून होतो. पहाटे हातात सुई, मग भूल. भूल चढताना तिने आमच्याकडे पाहिले त्या नजरेबद्दल आम्ही दोघे अजूनही एकमेकांशी बोललेलो नाही.

मग आठ आठवडे केवळ पोषक द्रवाहार. मुलांमधल्या क्रोनच्या आजारात हा पहिला उपचार मानला जातो. औषधाइतकाच, किंबहुना काही बाबतींत अधिक, गुणकारी. गुढीपाडवा त्यातच आला. आमच्या घरी त्या वर्षी श्रीखंड झाले नाही आणि शेजारून आलेले आम्ही दाराआडून परत केले. मुलीने तो काळ एखाद्या व्रतासारखा पार पाडला. वजन वाढले, ताप गेला, जूनमध्ये ती शाळेत धावण्याच्या शर्यतीत उतरली. पुढची औषधे सुरूच होती. कुणी विचारले की ती म्हणायची, 'बरं आहे.' आम्हीही म्हणायचो, 'बरं आहे.'

नोव्हेंबरमध्ये आम्ही पुण्याच्या त्या केंद्रात गेलो ते नेहमीच्या पाहणीसाठी. दिवाळीत ती फराळाला नाही म्हणाली होती, पण तीही पथ्याची सवय असेल असे आम्ही मानले. आतड्याच्या डॉक्टरांनी सुचवले होते की या खेपेला दुर्बीण नको, आतड्याची सोनोग्राफी करून घ्या. एक बाई ती मनापासून करतात.

इथे थोडे थांबून या यंत्राविषयी सांगणे आवश्यक वाटते, कारण त्याचा इतिहास आपण समजतो तसा गर्भापासून सुरू होत नाही. जॉन वाइल्ड नावाचा एक इंग्रज शल्यविशारद दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये काम करत होता. बॉम्बस्फोटाच्या धक्क्याने पोट फुगलेले रुग्ण त्याच्याकडे येत. आतडे केवळ लुळे पडले आहे की अडले आहे, हे बाहेरून कळत नसे. आणि शस्त्रक्रिया करायची की नाही हे त्यावरच ठरायचे. युद्धानंतर तो अमेरिकेत मिनिआपोलिसला गेला. आतड्याच्या भिंतीची जाडी बाहेरून मोजता आली तर उत्तर मिळेल, या विचाराने त्याने १९४९ च्या सुमारास नौदलाचे एक यंत्र मिळवले. वैमानिकांना रडारचे शिक्षण देण्यासाठी बनवलेले ते यंत्र पाण्यातून श्राव्यातीत ध्वनी पाठवून परतणारा पडसाद टिपत असे. वाइल्डने त्यातून आतड्याची भिंत पाहिली, आणि एका भिंतीतून तीन वेगवेगळे पडसाद परतलेले त्याला आढळले. म्हणजे भिंतीला थर होते आणि ध्वनी ते थर सांगत होता. मानवी शरीराच्या आत ध्वनीने डोकावण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक, आणि तो आतड्यासाठी होता. १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात गर्भाची चित्रे होती, आणि मग यंत्र त्या वाटेने गेले. आतड्याकडे ते सावकाश, काही दशकांनी परतले.

योगायोग असा की त्याच ग्लासगो शहरात, १९१३ साली, म्हणजे क्रोनच्याही आधी एकोणीस वर्षे, केनेडी डॅलझील या शल्यविशारदाने याच आजाराचे वर्णन लिहून ठेवले होते. सुजलेल्या, घट्ट झालेल्या आतड्याला त्याने मरून ताठरलेल्या वाम माशाची उपमा दिली आहे. कोकणातल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही. डॅलझीलने ती उपमा पोट उघडून, हाताने चाचपून मिळवली होती. आमच्या मुलीच्या पोटातली वाम आम्ही पाहिली ती न उघडता.

त्या बाईंनी तिला टेबलावर निजवले आणि जेली लावण्यापूर्वी नळी तळहातावर थोडी ऊब येईपर्यंत धरली. ही गोष्ट त्या सर्वांसाठी करतात की मुलांसाठीच, ते ठाऊक नाही. आधी मोठा वक्राकार प्रोब, मग सपाट, बारीक. ध्वनीची वारंवारता जितकी वाढवावी तितके चित्र रेखीव होते, पण तितके ते कमी खोलवर पोचते. म्हणूनच ही तपासणी मुलांना मानवते : मुलांच्या पोटावर मेद थोडा, आतडे त्वचेपासून फार दूर नाही. त्या उजव्या ओटीपोटाशी आल्या आणि पडदा त्यांनी मुलीकडे वळवला.

'हे तुझं लहान आतडं. बघ, आळीपाळीने काळी आणि पांढरी रेघ दिसते ना? ते भिंतीचे थर आहेत.'

'साट्याच्या करंजीसारखं,' मुलगी म्हणाली. वर्षभरात प्रथमच ती कुठल्याशा पदार्थाचे नाव आपणहून घेत होती.

आतडे हालत होते. आत काहीतरी पुढे सरकत होते, भिंती जवळ येऊन पुन्हा दूर जात होत्या. मग प्रोब तीन-चार बोटे सरकला आणि हालणे थांबले. तिथे एक ताठ नळी होती. थर पुसट, साटा एकात एक मिसळून गेलेला. बाईंनी दोन ठिपके ठेवले आणि यंत्राने आकडा दाखवला : ५.१ मिलिमीटर. मोठ्या माणसांतही ३ मिलिमीटरच्या वर गेलेली भिंत जाड समजतात. मुलांत सर्वसामान्य जाडी त्याहूनही कमी असते. मग रंगांची कळ दाबली. रक्त जिथे वाहते तिथे लाल-निळे ठिपके उमटतात. निरोगी भिंतीत ते तुरळक असतात. इथे भिंतभर रंग पेटले होते.

बाईंनी आमच्याकडे पाहिले नाही. मुलीलाच विचारले, 'इथे दुखतं का गं, बाळ?'

'नाही.'

'बरं.' प्रोब जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही, खोटे पकडल्याचा आव आणला नाही, पडदा मात्र तसाच तिच्याकडे ठेवला. अर्धे मिनिट गेले असेल. मुलगी पडद्याकडे पाहत होती.

'रात्री दुखतं,' ती म्हणाली. 'रोज.'

'कधीपासून?'

'गणपतीपासून.'

गणपतीपासून दिवाळीपर्यंत दोन महिने. आम्ही एकाच घरात, एकाच ताटाभोवती होतो. नंतर कळले, आजीला ठाऊक होते. तिने आजीला शपथ घातली होती. घरी परतताना गाडीत आमच्यापैकी एकाने विचारले, जरा चढ्या आवाजातच विचारले, की सांगितले का नाहीस. खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, 'सांगितलं की तुम्ही ते पाणी पाजता.'

त्या उत्तराने आमचे जे झाले ते झाले. ते इथे विस्ताराने लिहिण्यात अर्थ नाही. पण विचारांती आम्हांला जे दिसले ते असे : दुखण्याची तपासणीच जर दुखण्याहून भयंकर असेल, तर मूल दुखणे लपवते. ते खोटारडे असते म्हणून नव्हे, हिशेबी असते म्हणून. रात्रीची कळ एका पारड्यात आणि चार पेले, सुई, भूल दुसऱ्या पारड्यात, असे तिने दोन महिने रोज तोलले होते. आणि आपण डॉक्टरांना काय सांगत होतो? 'बरं आहे म्हणते.' पोटात एक आणि ओठांवर एक, ही म्हण आपण कपटी माणसासाठी वापरतो. ती भ्यालेल्या मुलांनाही लागू पडते, हे आमच्या लक्षात आले नव्हते.

न टोचणाऱ्या, न भूल देणाऱ्या तपासणीचे महत्त्व सांगताना बहुधा वेदना वाचली, खर्च वाचला, क्ष-किरण टळले असे सांगतात. ते सारे खरेच आहे. पण आमच्या मते तिचा मोठा गुण हा की ती पुन्हा करता येते, आणि जी सहज पुन्हा करता येते तिच्यासमोर मूल खरे बोलू शकते. औषध लागू पडत असेल तर भिंतीची जाडी काही आठवड्यांतच उतरू लागते. तेवढ्या अंतराने दुर्बीण घालायला कोण धजेल? शिवाय या आजारात व्रण अस्तरापुरते राहत नाहीत, भिंतीच्या सगळ्या थरांत दाह उतरतो. दुर्बीण आतून अस्तर पाहते, ध्वनी बाहेरून भिंत पाहतो. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय उपचार-उद्दिष्टांत अस्तराचे व्रण भरून येणे आहे, मुलांची खुंटलेली वाढ पूर्ववत होणे आहे. भिंत संपूर्ण जाडीत बरी होण्याला मात्र औपचारिक उद्दिष्टाचा दर्जा अद्याप दिलेला नव्हता, पूरक म्हणून तिची नोंद घेतली होती. तज्ज्ञांचा हा सावधपणा आम्हांला आवडला.

आणि तरीही या प्रसंगाविषयी आमच्या घरात मतभेद आहे. आमच्यापैकी एकाला त्या अर्ध्या मिनिटाची आजही धास्ती वाटते. मुलगी बोलली ती विश्वासाने की पडद्यावर उघडी पडली म्हणून? जे तिने पोटात ठेवले होते ते पोटातूनच काढून घेतले गेले. गुपित ठेवण्याची तिची शेवटची जागाही पारदर्शक झाली. आता आपण तिच्या शब्दापेक्षा मिलिमीटरवर विश्वास ठेवू लागलो तर? दुसऱ्याचे म्हणणे असे, की बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला होता, आमच्याकडे नव्हे. कोलोनोस्कोपीत ती भूल देऊन निजवलेली असते, तिचे आतडे तिच्याखेरीज सगळे पाहतात. इथे ती जागी होती, पाहत होती, आणि पाहून बोलली. हा वाद मिटलेला नाही. संहितेला लेखकाच्या मुलाखतीने ताडावे की लेखकाला संहितेने, यावरही आम्ही वीस वर्षे भांडत आहोत, तेव्हा याचे आश्चर्य नको.

वाचन हा शब्द इथे आला आहे तर त्याची दुसरी बाजूही सांगतो. सोनोग्राफीचे चित्र आपोआप बोलत नाही. २०२२ मध्ये गावातल्या केंद्रातून सुटले तेच पुण्यात दिसले. यंत्रांत फरक असेल, पण मुख्य फरक हाताचा, वेळेचा आणि शोधण्याच्या इच्छेचा होता. गुदाशयाचा भाग कटीच्या पोकळीत खोल असल्याने चांगल्या हातालाही तो नीट दिसत नाही, आणि पुष्कळ मुलांत, विशेषतः मोठ्या आतड्याच्या व्रणांच्या आजारात, दाहाचे मूळ ठाणे तिथेच असते. युरोपात काही ठिकाणी आतड्याचे डॉक्टर स्वतःच तपासणीच्या खोलीत प्रोब हाती घेतात. गप्पा मारता मारता पाहणी होते. आपल्याकडे हे सोपे नाही, आणि त्याचे कारण तो भिंतीवरचा फलक आहे. यंत्र, जागा आणि ते चालवणारा डॉक्टर, तिघांचीही नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. यंत्र हवे तेव्हा हव्या त्या खोलीत नेता येत नाही.

त्यावर कुरकुर करण्याचा हक्क आम्हांला आहे असे वाटत नाही. १९८८ साली असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य होते. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, २००३ पासून तो अधिक कडक झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी उतरत गेली. हे आकडे ज्यांनी वर्गात मुलींच्या रिकाम्या बाकांवर वाचले आहेत त्यांनी फलकाची अडचण सोसलीच पाहिजे. एकदा वाट पाहताना मुलीने विचारले, 'इथे करत नाहीत म्हणजे, कुठे करतात?' आम्ही तिला सगळे सांगितले. मग ती म्हणाली, 'म्हणजे याच मशिनवर.' आम्ही हो म्हटले.

नोव्हेंबरनंतर औषध बदलले. दर आठ आठवड्यांनी शिरेतून द्यावयाचे नवे औषध सुरू झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत भिंत ४ मिलिमीटरवर आली, ऑगस्टमध्ये ३.२ वर. दरम्यान एकदा डॉक्टरांनी सांगितले, आता आतून एकदा पाहायला हवे. आम्ही बोलायचे टाळत होतो. तिनेच विचारले, 'व्हिडिओ मला दाखवाल?' तिने ते पाणी प्यायले. पेले मोजले नाहीत. तपासणी झाल्यावर, भूल पुरती उतरण्यापूर्वीच, व्हिडिओ मागितला.

आजकाल ती सोनोग्राफीपूर्वी अंदाज सांगते. फलकाखालच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहायचा आणि घडी घालून आमच्याकडे द्यायचा, असा तिचा नेम आहे. २०२५ च्या जूनमधल्या खेपेस तिने ४.५ लिहिले होते. आठवडाभर पोट दुखत होते आणि या वेळी तिने ते पहिल्याच रात्री आम्हांला येऊन सांगितले होते. यंत्राने २.३ दाखवले. थर स्वच्छ, रंग तुरळक, आतडे छान हालत होते.

'सगळं नॉर्मल आहे,' आम्ही सुटकेने म्हणालो, दोघेही, पुन्हा एकदम.

'पण दुखतंय,' ती म्हणाली.

बाई प्रोब पुसत होत्या. 'दुखतही असेल,' त्या म्हणाल्या. 'भिंत बरी झाली तरी पोट दुखू शकतं. दोन्ही खरं आहे. ते मी रिपोर्टात लिहिते.' आणि त्यांनी कागदाचा रुमाल तिच्या हाती दिला. मुलीने पोटावरची जेली पुसली, वहीची घडी आमच्याकडून परत मागून घेतली आणि ४.५ च्या खाली २.३ लिहिले. ४.५ खोडले नाही.